नाकाची साक्ष

मराठी समीक्षेच्या भाषेतले निम्मे शब्द स्वयंपाकघरातून आलेले आहेत, याचा समीक्षकांना बहुधा विसर पडलेला असतो. रस, रुची, आस्वाद, गोडी, मुरलेले, कच्चे, अळणी हे शब्द आपण कवितेविषयी आणि नाटकाविषयी इतक्या सढळ हाताने वापरतो की, ते मुळात जिभेचे आणि नाकाचे आहेत हे कोणाच्या ध्यानातही येत नाही. भरतमुनींच्या मात्र ते पक्के ध्यानात होते. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय असा प्रश्न त्यांनी स्वतःच उपस्थित केला आणि ज्याचा आस्वाद घेता येतो तो, असे त्याचे साधे उत्तर दिले. दृष्टान्तही दिला तो जेवणाचाच. नाना व्यंजनांनी सिद्ध केलेले अन्न जेवताना सुमनस माणूस जसे रस चाखतो, तसा प्रेक्षक नाट्याचा रस चाखतो. यातला ‘सुमनस’ हा शब्द मोठा मोलाचा आहे. ज्याचे मन ठिकाणावर आहे आणि स्वच्छ आहे, त्यालाच चव कळते.

आता इतकी शतके आपण जेवणाचा दृष्टान्त देऊन काव्याची समीक्षा केली. एकदा उलट बाजूने जाऊन पाहायला काय हरकत आहे? जी वस्तू खरोखरच जिभेवर ठेवायची आहे तिची समीक्षा कशी करावी, चांगले कोणते नि वाईट कोणते हे कशाच्या आधारावर ठरवावे, याचा विचार दिवाळीच्या फराळाच्या ताटाशेजारी बसून करणे अगदीच अप्रस्तुत होणार नाही.

या परीक्षेसाठी प्रस्तुत लेखकाने जी वस्तू निवडली आहे तिचे नाव ऐकून काही घरांत भुवया वर चढतील. ती वस्तू म्हणजे स्कॉटलंडची सिंगल माल्ट व्हिस्की. निवडीचे कारण सरळ आहे. आजच्या जगात खाण्यापिण्याच्या फारच थोड्या पदार्थांवर एवढी समीक्षा लिहिली गेली आहे. तिच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत; शंभरपैकी गुण देणारे परीक्षक आहेत; १९७० च्या दशकाच्या अखेरीस तर तिच्या वासांचे वर्गीकरण करणारे एक चक्रच स्कॉटलंडमधल्या संशोधकांनी तयार केले. समीक्षेच्या अभ्यासकाला याहून चांगला नमुना कोठे मिळणार? शिवाय ज्यांनी आयुष्यात या पदार्थाला स्पर्श केलेला नाही व करण्याची इच्छाही नाही, अशा वाचकांनी मुळीच बिचकू नये. व्हिस्कीचे जे धंदेवाईक परीक्षक आहेत तेही आपले बहुतेक काम पिऊन करीत नाहीत, हुंगून करतात. रिचर्ड पॅटरसन नावाच्या विख्यात स्कॉटिश परीक्षकाच्या नाकाचा तर विमा उतरवलेला होता! तेव्हा इथे साक्षीला बोलवायचे आहे ते नाक. आणि नाक तर घरातल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांनाच आहे.

दुसरी निवड स्थळाची. ही परीक्षा मी पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत उभे राहून करणार आहे. हिरडस मावळ, रोहिड खोरे, वेळवंड खोरे, गुंजण मावळ, कानद खोरे ही या मुलखाची जुनी नावे. राजगड आणि तोरणा हे दोन गड ज्याच्या डोक्यावर आहेत त्या वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणू लागले आहेत. या डोंगरकपारीत व्हिस्की होत नाही. होतो तो भात. परंतु वासावरून वस्तूची पारख करण्याची एक जुनी, अलिखित विद्या इथल्या घराघरांत आहे, आणि त्या विद्येपुढे स्कॉटलंडची बाटली ठेवली तर काय होते, हेच मला पाहायचे आहे.

प्रथम वस्तूची ओळख. माल्ट या शब्दाने दबकून जाऊ नये. आपल्याकडे नाचणी भिजत घालून, मोड आणून, वाळवून, दळून जे सत्त्व करतात आणि तान्ह्या मुलाला भरवतात, तेही एक प्रकारचे माल्टच. स्कॉटलंडमध्ये हे मोड नाचणीला न आणता सातूला, म्हणजे जवाला आणतात. मोड आलेले धान्य वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात त्याची साखर उतरवायची, ती आंबवायची आणि तांब्याच्या मोठ्या भांड्यांतून तिचे ऊर्ध्वपातन करायचे. जे निघते ते पाण्यासारखे रंगहीन असते. मग ते ओकच्या लाकडाच्या पिंपात भरून ठेवायचे. २००९ साली झालेल्या ब्रिटिश नियमांप्रमाणे हे पिंप सातशे लिटरपेक्षा मोठे असता कामा नये, माल त्यात स्कॉटलंडच्याच भूमीवर निदान तीन वर्षे मुरला पाहिजे, आणि बाटलीत भरताना त्यात मद्यार्क निदान चाळीस टक्के असला पाहिजे. धान्य केवळ माल्ट केलेले सातू आणि कारखाना एकच असेल तरच तिला सिंगल माल्ट म्हणायचे. बाटलीवर सोळा वर्षे असे लिहिले असेल, तर आतला सर्वांत कोवळा थेंबही सोळा वर्षांचा हवा. बाहेरून घालायला परवानगी आहे ती पाण्याची आणि रंगासाठी जळक्या साखरेची. म्हणजे बाटलीचा गडद सोनेरी रंग पाहून ‘वा! किती मुरली आहे!’ असे उद्गार काढणाऱ्याने जरा बेताने बोलावे. तो रंग पिंपाचा असेल, जळक्या साखरेचाही असेल. डोळ्याची साक्ष इथे पहिल्याच फेरीत संशयास्पद ठरते.

आता प्रत्यक्ष कृती घेऊ. मी घेतली ती लागावुलिन या कारखान्याची सोळा वर्षांची, त्रेचाळीस टक्क्यांची व्हिस्की. कारखाना १८१६ सालचा. स्कॉटलंडच्या पश्चिमेला समुद्रात असलेल्या एका बेटावरचा. त्या बेटाचे नाव इंग्रजीत कसेही लिहोत, उच्चार मात्र ‘आयला’ असाच करतात. आणि पहिला वास घेतल्यावर मावळी माणसाच्या तोंडून नेमका तोच शब्द बाहेर पडेल, याविषयी मला शंका नाही.

कारण तो वास धुराचा आहे. या बेटावर दलदलीत हजारो वर्षे दबून राहिलेल्या शेवाळाची आणि गवताची काळी माती खणून, वाळवून जळणाला वापरतात. तिला पीट म्हणतात. मोड आलेले सातू तिच्या धुरावर वाळवतात. धूर धान्यात शिरतो तो आंबवण्यातून, तांब्याच्या भांड्यातून आणि सोळा वर्षांच्या पिंपवासातून सहीसलामत बाहेर येतो. इंग्रज समीक्षक या वासाचे वर्णन करताना शेकोटी, समुद्रकाठचे शेवाळ, डांबर, इस्पितळ असे शब्द वापरतात; गोडव्यासाठी त्यांना नाताळचा केक आठवतो आणि फुलांसाठी हेदर नावाचे डोंगरी झुडूप. आपल्याकडचे नवे रसिक हेच शब्द पाठ करतात. पुण्यामुंबईच्या बैठकींत ज्याने हेदरचे झुडूप चित्रातही पाहिले नाही असा गृहस्थ, पेल्यात नाक घालून, ‘हेदर जाणवते,’ असे गंभीरपणे सांगतो आणि बाकीचे माना डोलावतात. ही साक्ष नव्हे. हे पढवलेल्या साक्षीदाराचे बोलणे आहे.

भोर-वेल्ह्याच्या माणसाला याच पेल्यात काय सापडेल? उन्हाळ्याच्या अखेरीस या तालुक्यांतून हिंडलेल्या कोणालाही ठाऊक आहे की, भाताची रोपे टाकण्याआधी शेताच्या एका तुकड्यावर झाडांचा टाहाळ, पालापाचोळा, गवत आणि शेण यांचे थर रचून ते जाळतात. त्याला राब भाजणे म्हणतात. पाने, शेण आणि माती एकत्र, मंद, धुमसत जळते. तो धूर ओल्या लाकडाच्या चुलीच्या धुराहून निराळा असतो. आणि भाजलेल्या राबावर वळवाचा पहिला शिडकावा पडला की जो वास उठतो, त्यात राख असते, माती असते आणि एक थंड, औषधी छटाही असते. लागावुलिनचा पहिला वास हा त्या वासाचा जवळचा नातेवाईक आहे. दोन्हीकडे जळते ती मेलेली वनस्पती, तीही मातीच्या संगतीने. तेव्हा हे नाते केवळ कवीकल्पना नव्हे. त्यानंतर जखमेवर लावायच्या आयोडीनचा वास. मग बाजाराच्या दिवशी सुक्या मासळीच्या पाटीवरून वारा आला म्हणजे येतो तसा खारटपणा. शाकाहारी वाचकांनी क्षमा करावी. परंतु साक्ष खरी द्यायची म्हटल्यावर सोयीचे तेवढेच सांगून भागत नाही.

इथे थोडे पाणी घालावे. पाणी घातल्याने व्हिस्की बिघडते असे मानणारा एक करारी पंथ आहे. परंतु स्वीडनमधल्या लिनेयस विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी २०१७ साली संगणकावर गणित मांडून दाखवले की, मद्यार्काचे प्रमाण कमी झाले म्हणजे धुरकट वासाचा ग्वायाकोल हा पदार्थ द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो. म्हणजे पाण्याने वास मरत नाही, वर येतो. धंदेवाईक परीक्षक तर नमुना साधारण वीस टक्क्यांवर आणून मगच हुंगतात. पाण्यानंतर लागावुलिनचा धूर जरा बाजूला सरतो आणि मागून गोडवा पुढे येतो. नाताळच्या केकची आठवण होण्याचे मला कारण नाही. मला तिथे सापडली काकवी. त्यात भिजलेल्या मनुका. आणि अगदी मागे, जणू दुसऱ्या खोलीत कोणी मसाला भाजत असावे अशी, एक लवंग. ही लवंग कल्पनेतली नाही. लवंगेचा वास ज्या युजेनॉल या द्रव्यामुळे येतो, ते ओकच्या लाकडातही असते. त्याच लाकडातून सुक्या खोबऱ्याच्या वासाचे एक द्रव्य उतरते आणि व्हॅनिलाचेही. ओकच्या पिंपात मराठी मसाल्याच्या डब्यातले दोन खण तरी भरलेले आहेत! ते ओळखायला स्कॉटलंडला जाण्याची गरज नाही. फक्त परीक्षकाने आपल्या घरचे नाक घरी ठेवून जाऊ नये.

जिभेवर ती प्रथम गोड, मग खारट, मग धुरकट लागते आणि शेवटी तुरट होते. हा तुरटपणा पिंपाच्या लाकडातल्या टॅनिनचा. आणि टॅनिनची ओळख ज्याला करून घ्यायची असेल त्याने सह्याद्रीत होणारा हिरडा चघळून पाहावा. तुरट हा एक शब्द आपल्या भाषेत आहे, हे केवढे भाग्य! इंग्रजीत यासाठी कोरडेपणाचा शब्द वापरतात आणि द्रवाला कोरडे कसे म्हणावे या कोड्यात नवशिका पडतो. आपल्या सहा रसांत तुरटाला मानाचे पान आहे.

तेव्हा निकाल काय? लागावुलिनचे खरे बळ धुरात नाही. धूर कोणीही भरू शकतो. तिचे बळ प्रमाणबद्धतेत आहे. एवढा दांडगा धूर असूनही काकवीचा गोडवा त्याखाली गुदमरत नाही आणि तुरटपणा शेवटी येऊन दोघांनाही आवरतो. एखाद्या चांगल्या शोकांतिकेत जसा आक्रोश असतो परंतु आक्रस्ताळेपणा नसतो, तसे हे आहे. दोष म्हणाल तर एक आहे. तिचा पहिला प्रवेश इतका नाटकी आहे की, पुष्कळ लोक त्यावरच टाळ्या वाजवून उठून जातात, आणि पाणी घातल्यावर येणारा दुसरा अंक पाहायला कोणी थांबत नाही. याला कृती थोडी आणि कीर्ती फार जबाबदार आहे.

कोणी म्हणेल, हेदरच्या जागी राब आणि केकच्या जागी काकवी घातली एवढ्याने समीक्षा खरी कशी झाली? हा तर भाषांतराचा खेळ झाला. शिवाय देशाभिमानाचाही वास येतो. आक्षेप योग्य आहे. शब्द आपल्या मातीतला आहे एवढ्यावर तो खरा ठरत नाही. शब्दाची कसोटी अशी की, तो ऐकून दुसऱ्या माणसाला त्या पेल्यातली ती गोष्ट सापडली पाहिजे, आणि मी चुकत असेन तर ‘नाही, हा राब नव्हे,’ असे म्हणण्याची सोय त्याला असली पाहिजे. हेदर म्हणणाऱ्याला भोरमध्ये कोणीच खोडून काढू शकत नाही. राब म्हणणाऱ्याला वेल्ह्यातला कोणताही शेतकरी खोडून काढील. जे विधान कोणालाच खोडता येत नाही ते विधान समीक्षेत कवडीमोल. उसन्या शब्दांचा खरा दोष ते परके आहेत हा नसून, ते आपल्यात तपासता येत नाहीत हा आहे.

आणि तपास किती आवश्यक आहे, याचे एक उदाहरण प्रसिद्धच आहे. फ्रान्समधल्या बोर्दो येथे वाइनचा अभ्यास करणाऱ्या चोपन्न जणांना पांढरी वाइन, वास नसलेला तांबडा रंग घालून, चाखायला दिली. त्यांनी तिचे वर्णन तांबड्या वाइनसाठी राखून ठेवलेल्या शब्दांनी केले! हा प्रयोग २००१ साली प्रसिद्ध झाला. त्या विद्यार्थ्यांना हसण्यात अर्थ नाही. डोळ्याने आधी निकाल लिहिला आणि नाकाने त्यावर मुकाट्याने सही केली, एवढेच. आपण साहित्यात काय निराळे करतो? लेखकाचे नाव आधी वाचतो आणि मग कविता.

याची दुसरी बाजू अधिक सुखद आहे आणि तिचा नायक आडनावावरून तरी आपल्या ओळखीचा वाटेल. १९४८ साली राधाकृष्ण जगदाळे यांनी बंगळूरला अमृत डिस्टिलरीज ही कंपनी काढली. पुढच्या पिढ्यांनी हिंदुस्थानातल्या सातूपासून सिंगल माल्ट करण्याचे मनावर घेतले आणि २००४ च्या ऑगस्टमध्ये ती विकायला काढली, तीही कोठे, तर थेट ग्लासगोला! त्याआधी तिथल्या ‘पॉट स्टिल’ या पानगृहात ती नाव न सांगता लोकांपुढे ठेवली तेव्हा चाखणाऱ्यांना ती स्कॉटलंडचीच, चांगली मुरलेली वाटली, अशी हकीकत आहे. पुढे २०१० च्या आपल्या ‘व्हिस्की बायबल’मध्ये जिम मरे या इंग्रज परीक्षकाने अमृतच्या ‘फ्यूजन’ला जगात तिसरे स्थान दिले. चिठ्ठी दिसत असती तर तो मान मिळायला किती वर्षे लागली असती?

फ्यूजनमध्ये हिंदुस्थानी सातूच्या जोडीला स्कॉटलंडचे धुरावर वाळवलेले सातू असते. मद्यार्क पन्नास टक्के. लागावुलिननंतर ती हुंगली म्हणजे प्रथम भाजलेल्या सातूच्या पिठाचा घरगुती वास येतो. मग संत्र्याची साल, खोबरे, आणि धूर अगदी मागच्या ओसरीवर. ती लागावुलिनइतकी खोल नाही, पण मोकळी आणि उमदी आहे. पाण्यावाचून मात्र ती जीभ भाजते. पन्नास टक्क्यांचा तिखटपणा तिने पुरता पचवलेला नाही. माझ्या मते लागावुलिन हा मोठा ग्रंथ आणि फ्यूजन हा उत्तम कथासंग्रह. कोणाला कथासंग्रह अधिक आवडला तर मी भांडणार नाही.

वय आणि किंमत यांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण सामान्य माणूस या दोहोंनाच गुण समजतो. पिंपातून दरवर्षी काही माल उडून जातो. स्कॉटलंडच्या थंडीत तो साधारण दोन टक्के. बंगळूर-गोव्याच्या उन्हात त्याच्या कितीतरी पट. लाकूडही उष्णतेत भरभर आपला रस सोडते. त्यामुळे जे तिकडे बारापंधरा वर्षांत साधते ते इकडे चारपाच वर्षांत साधू शकते. तेव्हा वय हे घड्याळाचे मोजमाप आहे, चवीचे नव्हे. किमतीचेही तेच. परदेशी व्हिस्कीवर आपल्याकडे बरीच वर्षे दीडशे टक्के आयातकर होता. २०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटनशी झालेल्या करारात तो प्रथम पंचाहत्तर आणि पुढे दहा वर्षांत चाळीसवर आणायचे ठरले. बाटलीसाठी मोजलेल्या रकमेत किती चव, किती कर आणि किती मखमली डबा, याचा हिशेब रसिकाने एकदा करून पाहावा.

आणि ज्या घरांत भुवया चढल्या होत्या त्यांचेही म्हणणे ऐकले पाहिजे, कारण ते खोटे नाही. सोळा वर्षांच्या लागावुलिनमधला मद्यार्क आणि गावाच्या वेशीवर विकल्या जाणाऱ्या दारूतला मद्यार्क हे एकच द्रव्य आहे. यकृताला चिठ्ठी वाचता येत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे आजही महाराष्ट्रात पिणाऱ्याला परवाना लागतो, आणि गावातल्या बायांना मतदान करून बाटली आडवी करण्याचा अधिकार आहे. त्यांनी तो वापरला आहे तो सुगंधाच्या अभावामुळे नव्हे. उंची वस्तूच्या समीक्षकाने हे विसरून लिहिले तर तो रसिक राहत नाही, दलाल होतो. भरतमुनींचा सुमनस प्रेक्षक आठवा. दुसऱ्या पेल्यानंतर मन ठिकाणावर राहत नाही, म्हणजे समीक्षाही संपते. या कलेचा आस्वाद पहिल्या चार घोटांतच काय तो आहे. पुढचे सगळे सवयीचे.

आता ज्यासाठी हा सारा प्रपंच केला त्या मुद्द्याकडे येतो. भोर, वेल्हे, मुळशी, मावळ या डोंगरपट्ट्यातल्या भाताचे जुने आणि मानाचे वाण म्हणजे आंबेमोहोर. या नावाचा आपण कधी विचार केला आहे काय? हे नाव नाही, ही समीक्षा आहे! कोणा अनामिक शेतकऱ्याने वा शेतकरणीने शिजणाऱ्या भाताची वाफ नाकात घेतली, तिला माघातला आंब्याचा मोहोर आठवला, आणि तिने ते एका शब्दात सांगितले. तो शब्द ऐकून दुसऱ्यालाही तो वास सापडला, तिसऱ्यालाही. म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या टिकला. व्हिस्कीचे परीक्षक ज्यासाठी पानेच्या पाने खर्च करतात ते इथे एका शब्दात झाले, आणि तेही असे की कोणाला वाटल्यास त्याने मोहोर आणि भात शेजारी ठेवून तपासावे. रसायनशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी सुवासिक तांदळाच्या वासामागचे मुख्य द्रव्य शोधून काढले. ताज्या भाजलेल्या पावाच्या खरपूस कडेतही तेच असते. ते पाण्यात अब्जात एक दशांश भाग इतके असले तरी माणसाच्या नाकाला कळते. एवढे सूक्ष्म यंत्र निसर्गाने प्रत्येकाच्या तोंडावर बसवून दिलेले आहे.

परंतु यंत्र वापरले नाही तर गंजते. आंबेमोहोराचा दाणा आखूड आणि जाड. गिरणीत तो सहज तुटतो. पीक थोडे येते. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर-१५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून १९८७ साली इंद्रायणी हे वाण काढले. ते अधिक पिकते, वासही बऱ्यापैकी धरते, म्हणून शेतकऱ्याने ते आपलेसे केले आणि त्यात त्याचे काही चुकले नाही. अडचण निराळीच आहे. शहरातल्या दुकानांत आंबेमोहोर या नावाने जे विकले जाते त्यातले सगळेच आंबेमोहोर नसते. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या, दुसरीकडून आलेल्या दाण्याच्या गोण्यांवरही हेच नाव चढते. घेणाऱ्याला ते ओळखता येत नाही. तो पांढराशुभ्र दाणा पाहतो, गोणीवरचे नाव वाचतो आणि पैसे मोजतो. म्हणजे बोर्दोच्या विद्यार्थ्यांसारखाच डोळ्याने निकाल लिहून मोकळा होतो. ज्याने कमी पीक सोसून खरे वाण राखले त्या वेल्ह्याच्या शेतकऱ्याला, आणि ज्याने नुसते नाव राखले त्या व्यापाऱ्याला, बाजारात एकच भाव मिळतो. असे होत राहिले तर पहिल्याने खरे वाण का लावावे?

स्कॉटलंडमध्येही एके काळी असाच गोंधळ होता. व्हिस्की कशाला म्हणावे यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आणि १९०८-०९ साली राजाज्ञेने चौकशी मंडळ बसले. आज त्या नावाभोवती कायद्याचा तट उभा आहे. परंतु कायद्यालाही पाठबळ लागते ते खोटे चाखून ‘हे ते नव्हे’ म्हणणाऱ्या ग्राहकाचे. आपल्याकडे विचित्र अवस्था अशी की, बाटलीतली सोळा वर्षे ओळखल्याचा दावा करणारा गृहस्थ रात्री घरी येऊन ताटातला भात कोणता हे न ओळखता जेवतो. मला त्याच्या व्हिस्कीविषयी तक्रार नाही. त्याच्या भाताविषयी आहे. चव ही चैन आहे असे आपण समजतो. खरे पाहता चव ही वस्तू करणाऱ्याला दिलेली पावती आहे. आणि ती द्यायला विसरलो तर करणारा करणे सोडतो. नाटकाचे तसेच, कवितेचे तसेच, भाताचे तसेच.

दिवाळीच्या सुमारास या तालुक्यांत भात कापणीला येतो. नवा तांदूळ त्यानंतर बाजारात उतरतो. व्हिस्की पिंपात राहून वास मिळवते. आंबेमोहोर साठवणीत वास हरवत जातो. म्हणून त्याचे मोल नवेपणी. तेव्हा माझी वाचकांना एक सूचना आहे. नव्या तांदळाच्या दिवसांत तीन निरनिराळ्या दुकानांतून, आणि जमल्यास एखाद्या भोर-वेल्ह्याच्या शेतकऱ्याकडून, आंबेमोहोर म्हणून जे मिळेल ते थोडे थोडे आणावे. वेगवेगळ्या पातेल्यांत शिजवावे. कोणते कोठले हे एकट्या गृहिणीने एका कागदावर लिहून तो डब्याखाली ठेवावा. मग सर्वांनी डोळे मिटून एकेका पातेल्याचे झाकण उचलावे. आधी हुंगावे, मग मीठ-तूप न घालता एक घास खावा, आणि प्रत्येकाने स्वतःचा शब्द सांगावा. दुसऱ्याचा ऐकून नव्हे. आजीला मोहोर आठवेल, नातवाला कदाचित भाजलेला पाव आठवेल. दोघांचेही बरोबर असू शकते. मगच कागद उघडावा. आणि पुढच्या महिन्यात वाण्याकडे जाल तेव्हा, ज्या पातेल्यात काहीच सापडले नाही त्या गोणीविषयी त्याला स्वच्छ विचारावे, की बाबा रे, हा आंबेमोहोर कोणत्या गावचा?